ज्या शब्दांवर मी गप्प बसले

१६ जानेवारी

चिंगे,

दोनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. फोनवर बोलता बोलता मी मध्येच गप्प होईन आणि तू ते गप्प बसणं वाचशील, याची आता मला भीती वाटते. कागदावर गप्प बसता येत नाही, म्हणून पत्र.

काल मी तुझ्या गावात होते. तुला कळवलं नव्हतं. सकाळच्या पहिल्या बसने आले आणि दुपारच्या बसने परत. टायरच्या दुकानाशेजारचा तुझा जिना चढून वर आले. जिन्यात मुलांच्या सायकली एकीवर एक रेललेल्या होत्या, त्यांतून अंग चोरत यावं लागलं. क्लास बरा चाललाय म्हणायचा. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून तुझा आवाज आला, तोच, लहानपणी मला खालून हाक मारायचीस तसा.

"क्विडनंक! सगळे म्हणा."

"क्विडनंक!"

"अर्थ?"

"दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या हुंगत फिरणारा माणूस!"

"शाब्बास. हा या वेळी आलाच म्हणून समजा. बाकीचे विसरलात तर विसरलात, हा विसरायचा नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी मुलगा म्हणाला, "मॅडम, पण हा कुठल्याच पुस्तकात नाही."

"पुस्तकात नाही म्हणून तर मी आहे ना, रे राजा!"

सगळा वर्ग हसला. तूही हसलीस. मी दार न वाजवता खाली उतरले.

चिंगे, हा शब्द आम्ही काढतो त्या पेपरात नाही. कधी नव्हताही. इतका जुनापुराणा, मोडीत निघालेला शब्द आमच्या ऑफिसात कुणी घ्यायला तयार होणार नाही. मी तो एकाच माणसाला विचारला होता. डिसेंबरात, माझ्या स्वयंपाकघरात, तुला. तू भांडी विसळत होतीस, मी कप पुसत होते. तू म्हणालीस, "क्विडनंक? ढिगातून वाटी घरंगळली की आवाज येतो ना, तो." मी "हं" म्हटलं आणि पुढे काही बोलले नाही. कपच पुसत राहिले.

त्या दिवशी विचारलेल्या बाकी सगळ्या शब्दांचे अर्थ मी तुला लगेच सांगून टाकले होते. आठवतंय? या एकाचाच नाही सांगितला.

मला वाटलं होतं, मी उगाच संशय घेतेय. परत जाताना बसमध्ये स्वतःचीच लाज वाटावी, एवढीच इच्छा धरून मी तुझ्या जिन्यात उभी होते.

याचं उत्तर मला पत्राने दे. फोन करू नकोस.

ताई


२५ जानेवारी

चिंगे,

फोन करू नकोस म्हटलं, तर केलासच.

आणि पहिलं वाक्य काय, तर "जिन्यात उभं राहून कशाला ऐकायचं? आत यायचं, खुर्च्या होत्या." मला क्षणभर हसूच आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. मग तू म्हणालीस, "मी तुला कधी एक तरी शब्द विचारला का गं? तूच विचारायचीस. मी नुसती ओट्यापाशी उभी असायचे."

खरं आहे. तू कधी काही विचारलं नाहीस. माझं कपाट उघडलं नाहीस, पिशवी चाचपली नाहीस. उद्या कुणी चौकशी केली तर तुझ्याकडे बोट दाखवता येईल असं तू काहीच केलेलं नाहीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापणाऱ्याच्या हातात सुरी सापडतच नाही.

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, आता लिहिते. शब्दार्थाच्या परीक्षेत बरोबर पर्याय लिहायला अक्कल लागत नाही, तो शब्दकोशात असतो. चुकीचे पर्याय घडवणं हे आमचं खरं काम. चुकीचा अर्थ कुणाच्या तरी डोक्यातून यावा लागतो, वाचणाऱ्याला तो खरा वाटावा लागतो. ऑफिसात सगळ्यांचंच इंग्रजी इतकं पक्कं की कुणाला नीट चुकता येत नाही. म्हणून सुटा शब्द, इतर शब्दांत मिसळून, घरच्या माणसाला विचारायची आम्हाला मुभा असते. वाक्य सांगायचं नाही, पर्याय दाखवायचे नाहीत. मी हे सगळं पाळलं. वर माझं स्वतःचं एक पथ्य होतं: शब्द पेपरातला असेल तर त्याचा अर्थ तुला सांगायचा नाही. बाकीच्यांचे सांगून टाकायचे, कारण तू हट्टच धरायचीस, "आता सांग तरी, नाहीतर मला झोप लागायची नाही!"

हे पथ्य मी पेपर सुरक्षित राहावा म्हणून पाळत होते. तू त्याचीच किल्ली केलीस. ताई ज्या शब्दावर गप्प, तो शब्द खरा. आणि दर महिन्याच्या मुक्कामानंतर सकाळी परतीच्या बसमध्ये बसून त्यांचे अर्थ शोधायचे. एवढं सोपं.

"तुला कुणी सांगितलं?" असं तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस. कुणी नाही. माझं मला कळलं. मागच्या निकालात तुमच्या केंद्रावरच्या मुलांनी अवघड शब्द सहज सोडवले आणि सोप्या शब्दांवर मार खाल्ला. आमच्या प्रमुखबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "या गावची मुलं जिना न चढता गच्चीवर पोचतात वाटतं." मीही हसले. पाणी कुठे मुरतंय हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आणखी एक सांगते, हे वाचून तुला बरं वाटेल. जिन्यातून उतरल्यापासून मी मनात खोटे शब्द जमवत होते. पुढच्या खेपेला तू आलीस की भलतेच शब्द विचारायचे, भलत्याच ठिकाणी गप्प बसायचं. तुझा अख्खा वर्ग तोंडघशी पडला पाहिजे. मला त्यात मजा येऊ लागली होती. भाजी निवडतानाही तेच डोक्यात. मग "हा कुठल्याच पुस्तकात नाही" म्हणणारा तो मुलगा आठवला. त्याने माझं काय घोडं मारलंय? तो तर बिचारा एकटाच खरा प्रश्न विचारत होता.

या वेळी लिहून कळव.

ताई


३ फेब्रुवारी

चिंगे,

पत्र नाही, फोनही नाही. आता तू मूग गिळून बसलीस. तुझं गप्प बसणं मला कधीच वाचता आलं नाही. एवढ्या वर्षांत मी तसा प्रयत्नही केला नाही, त्याची गरज आहे असं वाटलंच नव्हतं.

मार्चचा पेपर सोमवारी छापायला जाणार आहे. त्यातले बरेचसे शब्द मी तुला ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात विचारले होते, आणि तुझ्या फळ्यावर ते केव्हाच लिहून झाले असतील. सोमवारच्या आत प्रमुखबाईंना सांगावं लागेल.

मी सांगितलं तर काय होईल, ते सरळ लिहिते. तुझ्या क्लासला नोटीस येईल. यंदाच्या उमेदवारांच्या यादीतून तुझ्या बेबीचं नाव निघेल. तुझी मुलगी माझी भाची आहे हे अर्जात लपवलंस, तेही तेव्हाच बाहेर येईल. आणि माझ्याकडचं पेपर काढायचं काम जाईल. एवढं एकच काम मला नीट येतं.

नाही सांगितलं तर कुणालाच काही कळणार नाही. तुझी मुलं पास होतील. ज्यांच्या घरात कुणी ताई मोक्याच्या शब्दावर गप्प बसत नाही, अशा बाकीच्या गावांतल्या मुलांच्या जागा जातील. त्यांनाही कळणार नाही की का गेल्या. स्वतःलाच ढ समजतील.

म्हणून विचारते. तू स्वतः सांग. बाई कडक आहेत, पण समोरच्याचं ऐकून घेतात. तू आधी बोललीस तर ती कबुली होईल, मी बोलले तर ती तक्रार. शुक्रवारपर्यंत वाट बघते.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही, आणि ती पेपराची नाही. तू अर्थ शोधू लागलीस, म्हणजे हळूहळू तुला शब्द यायला लागले असणार. तरीही तू ओट्यापाशी उभी राहून चुकतच होतीस. "बुकॉलिक? पोटात कळ येते तो आजार." "सॅल्यूब्रियस? लाळ गळणारा." पहिला खेड्यातल्या जगण्याचा शब्द, दुसरा आरोग्यदायी हवेचा; मी हसून हसून खुर्चीत बसायचे. गेली दोन-तीन वर्षं तू चुकायचं नाटक करत होतीस का? मी जे पर्याय तुझ्या तोंडून उचलून ऑफिसात नेले, ते तू आधीच घडवून आणत होतीस?

"क्रेप्युस्क्युलर" विचारला होता तेव्हा तू बिस्किटाचा तुकडा मोडून कानाशी धरलास आणि म्हणालीस, "कुरकुरीत." संधिप्रकाशाशी संबंधित असा त्याचा अर्थ. पण तेव्हापासून संध्याकाळ झाली की मला कुरकुरीत वाटतं. ऑफिसातून घरी येताना मी एकटीच हसते. तेही खोटं होतं का? पेपर राहू दे बाजूला. याचं उत्तर दे.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

घे, लिहिलं. शुक्रवार उलटून गेला हे मला कळतं, मलाही कॅलेंडर वाचता येतं. तेवढं इंग्रजी येतं मला.

तू केसाने गळा कापला म्हणालीस. बरं. आता माझं ऐक.

किती वर्षं तू मला शब्द विचारतेस! मला वाटायचं, ताईला माझ्याशी बोलायला आवडतं. दिवसभर मोठमोठ्या लोकांत बसून घरी आली की तिला मी लागते. मग एकदा बेबीने आणलेल्या जुन्या पेपरात मला माझंच बोलणं दिसलं. "नॉइसम" म्हणजे घाण वासाचा, त्याच्या खाली: गोंगाट करणारा. "मेरिट्रिशस" म्हणजे नुसता वरवर भपकेदार, त्याच्या खाली: गुणवान. पान उलटावं तिथे मी. बरोबर उत्तर तुझं आणि चुकीचं माझं. सगळ्या केंद्रांवर छापून वाटलंस. तू मला कधी सांगितलं होतंस, की चिंगे, तुझ्यासारखं कुणाला चुकता येत नाही म्हणून मी तुला विचारते? नव्हतंस सांगितलं. पत्रात आत्ता सांगतेस, जसं काही मला पहिल्यापासून माहीत होतं. मी तुझी ठरलेली ढ होते, ताई. बिनपगारी.

त्या दिवशी ठरवलं की आता आपण शिकायचं. आणि शिकले. बसमध्ये, तिकिटाच्या मागे लिहून लिहून. क्लासमध्ये तेव्हा मोजकी मुलं उरली होती, बेबीचे बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू गप्प बसायचीस ते शब्द आधी शिकले, कारण तू बाकीचे सांगूनच टाकायचीस. मग एका निकालानंतर कळलं की पेपरात येतात ते हेच शब्द. तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबले. हे मी कबूल करते, पण तुझ्या प्रमुखबाईंकडे जाऊन नाही करणार. तुला जायचं तर जा. तू जाशीलच. तुझ्याने राहवणार नाही.

हो, नाटक करत होते. बुकॉलिक नाटक. सॅल्यूब्रियस नाटक. तू हसायचीस म्हणून करायचे. खरं उत्तर दिलं असतं तर तू मला पुन्हा विचारलं असतंस का?

कुरकुरीत खरं होतं.

आता मला सांग. क्लास बंद होणार का? तुला हे बेबीने सांगितलं का? माझ्याकडे बघत नाही ती हल्ली. आणि मी पुढच्या महिन्यात येऊ का नको? मी अजून तुझी कुणी लागते का?

चिंगी


२ मार्च

चिंगे,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी प्रमुखबाईंच्या खोलीतून केव्हाच बाहेर आले होते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं होईपर्यंत थांबले, वाटलं तुझा फोन येईल. मग आत गेले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "कुठले शब्द?" मी म्हटलं, "ज्यांचे अर्थ मी बहिणीला सांगितले नाहीत, ते सगळे." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नियम पाळला म्हणून पेपर फुटला." आणि चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना इतकं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पेपर रद्द झाला. परीक्षा पुढे गेली आहे, वर्तमानपत्रात 'तांत्रिक कारणाने' असं आलंय ते तू वाचलं असशीलच. शनिवार-रविवार ऑफिस उघडं ठेवून सगळ्यांनी नवा पेपर काढला. मला बोलावलं नाही. कुणी वाईट बोललं नाही, पण मी चहाला गेले की टेबलावरचं बोलणं थांबायचं. आता मी खालच्या मजल्यावर, टपाल विभागात. उमेदवारांची पत्रं येतात, त्यांना उत्तरं द्यायची. परवा एकाने लिहिलंय, "मी तीनदा नापास झालो, माझ्यात काय कमी आहे?" सकाळपासून ते पत्र समोर घेऊन बसले होते. त्याला काय लिहू? कदाचित काहीच कमी नसेल.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

क्लास बंद होणार नाही. नोटीस येईल, तिला उत्तर द्यावं लागेल. खरं लिही. आणि मुलांना क्विडनंक विसरायला सांग. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला सांग, की तुझं बरोबर होतं.

माझ्या दुसऱ्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं. हो, बेबीने सांगितलं. नोव्हेंबरात आली होती तेव्हा कॉफीचा कप हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, आई म्हणते तू ज्या शब्दाचा अर्थ सांगत नाहीस तोच खरा असतो." मी म्हटलं, "गंमत करते ती." तर म्हणाली, "नाही, मावशी. गंमत नाही करत." तिला तुझ्या रागापासून वाचवावं म्हणून मी नाव घेतलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ती स्वतः इथे आली आणि म्हणाली, "मी आईला सांगून टाकलंय. मला तो पेपर नकोच होता. मी शिकलेय, मला येतं, पण पास झाले असते तरी मला कधी कळलं नसतं की मला येतं का नाही." तिला ओरडू नकोस. आपल्या दोघींपेक्षा तिला बोलता येतं.

मी तुला ढ म्हणून वापरलं, असं लिहिलंस. चार दिवस मी मनात तुझ्याशी भांडत होते. जुने पेपर काढून बसले, आणि प्रत्येक पानावर तू होतीस. मला ते पर्याय वाचताना तुझा आवाज ऐकू यायचा, म्हणून ते इतके आवडायचे. तुला ते वाचताना काय वाटेल, हे एकदाही मनात आलं नाही. तरीही चिंगे, तुझ्या रागाला कारण होतं म्हणून तू केलंस ते लहान होत नाही. तू माझ्यावर चिडायचं होतंस. भांडी आपटायची होतीस. तू माझ्या शेजारी उभी राहून हसलीस, हसवलंस आणि माझ्या गप्प बसण्याकडे कान देऊन राहिलीस. मला अजूनही कप पुसताना कुणीतरी बघतंय असं वाटतं. आता एकटीनेसुद्धा मी गप्प बसू शकत नाही, रेडिओ लावून ठेवते.

कुरकुरीत खरं होतं, हे वाचून मी ते पत्र घडी करून ठेवून दिलं. त्याबद्दल आत्ता एवढंच.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, तू अजून माझी कुणी लागतेस का; येऊ का नको, हेही त्यातच आलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की कागदावर गप्प बसता येत नाही. येतं.

बाकी सगळ्यांची उत्तरं सांगून झाली, चिंगे. याचं सांगत नाही.

ताई